मेसेज आधी पुसणाऱ्या महाशयांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री रिसीव्हरकर्ते महाशय यांचे सेवेसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण आमच्या कंपनीतून निघून अधिक पगारावर, अधिक मोठ्या हुद्द्यावर रुजू झालात असे कळले. आनंद वाटला. आपल्या हातचा एक प्रोग्राम मात्र आपण इथेच ठेवून गेलात. क्यूमधून, म्हणजे मेसेजच्या रांगेतून, मेसेज घेण्याचे काम तो करतो, निदान त्याच्या नावावरून तसे वाटते. त्याची देखभाल आता माझ्याकडे आहे, तेव्हा आपले आभार मानण्याचा पहिला हक्कही माझाच.

आपल्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्यांना थोडी माहिती देऊ द्यावी. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या एका साखळीसाठी हा प्रोग्राम लिहिला गेला. तालुक्याच्या गावी नमुना घेतात, शहरातल्या यंत्रावर तो तपासतात, आणि निकाल लागला की त्याचा मेसेज ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यूमध्ये जाऊन पडतो. रिसीव्हरने, म्हणजे या प्रोग्रामने, तो उचलायचा, रिपोर्ट तयार करायचा, डॉक्टरांना आणि पेशंटला पाठवायचा. मध्ये क्यू घालण्याचे कारण साधे आहे. रिपोर्ट बनवणारा सर्व्हर काही वेळ बंद पडला तरी यंत्राचे निकाल हरवू नयेत, ते क्यूत थांबावेत. ही सेवा २००६ पासून रीतसर बाजारात आहे. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटरे २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून ती आपल्या दाराशीही आहे. मेसेज जपण्याचे काम क्यू चोख करते. त्यापुढे जे घडले त्याचे श्रेय सर्वस्वी आपले.

सर्वप्रथम आपल्या तत्परतेला वंदन. एसक्यूएसमध्ये मेसेज घेतला म्हणून तो क्यूतून जात नाही. तो फक्त काही काळ इतरांना दिसेनासा होतो. काम पार पडले की रिसीव्हरने वेगळी विनंती पाठवून तो डिलीट करायचा, तेव्हा तो जातो. मध्येच प्रोग्राम बंद पडला, सर्व्हर गेला, डेटाबेसने दाद दिली नाही, तर ठरलेली मुदत संपताच मेसेज पुन्हा दिसू लागतो आणि दुसरा कोणी तो उचलतो. सगळी हमी या एका क्रमावर उभी आहे: आधी काम, मग डिलीट. पण आपल्यासारख्या कामसू माणसाला इतकी वाट कोण पाहायला लावणार? मेसेज हाती येताच पुढच्याच ओळीत आपण तो डिलीट केलात, आणि मग सावकाश रिपोर्ट बनवायला बसलात.

तहसील कचेरीत कारकुनाने अर्जावर आवक बारनिशीचा शिक्का मारावा, पोच द्यावी आणि अर्ज केराच्या टोपलीत टाकावा, तशी ही व्यवस्था. अर्जदाराच्या हातात पोच आहे आणि अर्ज कुठेच नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते आपल्या वातानुकूलित नव्या कचेरीपर्यंत पोहोचले नसेल. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे पेशंट वाढतात. प्लेटलेट उतरत आहेत का, हे पाहून डॉक्टर पेशंटला घरी ठेवायचे की दवाखान्यात हलवायचे ते ठरवतात. अशा एका पेशंटचा निकाल यंत्रावर आला, क्यूत पडला, आपल्या प्रोग्रामने उचलला, पुसला, आणि पीडीएफ बनवताना डेटाबेसचा धागा तुटला. निकाल कुठेच उरला नाही. नातेवाईक गावातल्या केंद्रावर जाऊन विचारतात, तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे पाहून सांगते, रिपोर्ट तर पाठवला आहे. तिचे काय चुकले? डिलीटच्या शेजारीच निकालावर 'पूर्ण' असा शेरा मारण्याची ओळही आपण घालून ठेवली होती. ती मुलगी खरे बोलत होती, यंत्र खरे बोलत होते, क्यूने आपले काम केले होते. खोटा शेरा आपला होता.

पुढे कोणीतरी हे आपल्या कानावर घातले असावे, कारण कोडच्या इतिहासात डिलीटची ओळ एके दिवशी खाली सरकलेली दिसते. आपल्या या उदार अंतःकरणाबद्दल आभार मानावेत तेवढे थोडे. फक्त ती सरकली कुठे, ते वाचकांनाही कळू द्या. ती गेली 'फायनली' या भागात. प्रोग्राम न लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, काम तडीस जावो अथवा मध्येच फिसकटो, जे शेवटी चालतेच चालते ते या भागात लिहितात. म्हणजे रिपोर्ट बनला तरी मेसेज पुसला जाणार, आणि नाही बनला तरीही पुसलाच जाणार. पूर्वी आपण आधी पुसत होता, आता नंतर पुसू लागलात. पेशंटच्या पदरात दोन्हीकडून सारखेच पडले.

आलेली चूक मध्येच पकडून गिळून टाकण्याची आपली हातोटीही अशीच. कोणतीही चूक येवो, आपला कोड ती पकडतो आणि काहीच झाले नाही अशा थाटात पुढे जातो. त्यामुळे लॉग किती स्वच्छ राहिले! वर्षानुवर्षे त्यात एक लाल ओळ नाही. आपल्या वार्षिक मूल्यमापनात या स्वच्छतेचे कौतुकही झाले असेल.

आता आपल्या हिशेबीपणाबद्दल. एसक्यूएस एका वेळी जास्तीत जास्त १० मेसेज देते. आपण नेहमी दहाच्या दहा मागवलेत, हे उत्तमच. एकेक आणण्यापेक्षा त्यात फेऱ्या वाचतात. पण मेसेज दिसेनासा राहण्याची जी मुदत असते, तिला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात, आणि आपण काही सांगितले नाही तर ती ३० सेकंदांची असते. हे घड्याळ दहाही मेसेजचे एकदमच सुरू होते. तुम्ही कोणता मेसेज कधी हातात घ्याल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एका रिपोर्टला पाच सेकंद लागतात असे धरा. आपला प्रोग्राम ते एकामागून एक करतो. सहा कसेबसे उरकतात. सातव्याला हात लावेपर्यंत ३० सेकंद संपलेले असतात, आणि सातवा, आठवा, नववा, दहावा हे चारही मेसेज क्यूत पुन्हा सर्वांना दिसू लागतात. शेजारचा सर्व्हर ते इमानदारीने उचलतो. मग तोही रिपोर्ट बनवतो आणि आपलाही बनवतो. पेशंटला दोन एसएमएस, डॉक्टरांना दोन ईमेल.

आणि त्यानंतरची गंमत तर आपण पाहिलीच नाहीत. मेसेज दर वेळी घेताना त्याच्यासोबत एक नवी खूणचिठ्ठी येते, तिला रिसीट हँडल म्हणतात. डिलीट करताना सर्वांत ताजी चिठ्ठी द्यावी लागते. आपल्या प्रोग्रामच्या हातात जुनी चिठ्ठी उरलेली, कारण दरम्यान तो मेसेज दुसऱ्याने उचलला आहे. जुनी चिठ्ठी दिली तर साध्या क्यूत डिलीटची विनंती यशस्वी झाल्याचे उत्तर मिळू शकते आणि मेसेज मात्र जागेवरच राहू शकतो. सेवेच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिले आहे. ती पुस्तिका फुकट आहे, महाशय. तिला लॉगिनसुद्धा लागत नाही.

दोन-दोन एसएमएसच्या तक्रारी वाढल्या तेव्हा आपण धावून आलात, याबद्दल मी आपला जन्माचा ऋणी आहे. ३० सेकंद पुरत नाहीत काय? आपण मुदत थेट १२ तासांवर नेऊन ठेवलीत. एसक्यूएस याहून जास्त देतच नाही, नाहीतर आपण थांबला नसता. दुबार मेसेज एका फटक्यात कमी झाले. तेवढ्यावरच आपली बढती झाली असे ऐकतो.

१२ तासांचा अर्थ मात्र आम्हाला दर डिप्लॉयच्या वेळी कळतो. नवा कोड चढवताना जुना प्रोग्राम थांबवावा लागतो. आमचे प्रोग्राम चालवणारा आणि थांबवणारा कुबरनेटीस आधी त्याला आवर आवर म्हणून सूचना देतो, सहसा ३० सेकंद थांबतो, मग ठार करतो. सभ्य रिसीव्हर ती सूचना मिळताच नवे मेसेज घेणे थांबवतो, हातातले पुरे करतो किंवा परत क्यूत सोडून देतो. आपल्या प्रोग्रामला ही सूचना ऐकूच येत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत दहा-दहा मेसेज ओढत राहतो आणि मरतो. त्याच्या हातातले दहा निकाल मग १२ तास कुणालाच दिसत नाहीत. ते क्यूत आहेत, सुरक्षित आहेत, आणि कुणाच्याही कामाचे नाहीत. सकाळी अकराला डिप्लॉय केले तर ते रात्री अकराला पुन्हा दिसतात. तोवर केंद्राला कुलूप लागलेले असते, डॉक्टर घरी गेलेले असतात, आणि सकाळी उपाशीपोटी एसटीने येऊन रक्त देऊन गेलेली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून रिपोर्ट विचारायला येते.

याला उपाय होता, आणि तो अवघडही नव्हता. मुदत दोन मिनिटांची ठेवायची. काम लांबते आहे असे दिसले की रिसीव्हरने अधूनमधून विनंती पाठवून त्या मेसेजची मुदत वाढवून घ्यायची. प्रोग्राम जिवंत आहे तोवर मुदत वाढत राहते. तो मेला की वाढवणारे कोणी उरत नाही आणि दोन मिनिटांत मेसेज दुसऱ्याच्या हाती जातो. आणि एका वेळी जेवढे निभतील तेवढेच मेसेज घ्यायचे. एवढेच करायचे होते, महाशय.

दुबार मेसेजविषयीच्या आपल्या श्रद्धेला मी मानतो. तसे काही कधी घडत नाही, अशी टीपच आपण कोडमध्ये लिहून ठेवली आहे. एसक्यूएसची साधी क्यू मात्र स्वतःच सांगते की मेसेज किमान एकदा मिळेल. किमान एकदा म्हणजे कधी दोनदाही. तेव्हा तोच मेसेज पुन्हा आला तरी परिणाम एकदाच व्हावा, ही जबाबदारी घेणाऱ्याची. त्यासाठी डेटाबेसमध्ये एक तक्ता लागतो, त्यात रिपोर्टचा क्रमांक एकदाच बसेल असे बंधन लागते, आणि काम करण्याआधी तिथे डोकावणे लागते. पुढे कधीतरी आपण त्याऐवजी क्यूने दिलेला मेसेजचा क्रमांक तपासलात. पाठवणाऱ्याने नेटवर्कच्या गडबडीत तोच निकाल दोनदा पाठवला तर दोन्हींना वेगळे क्रमांक मिळतात, याचा विसर पडला. रिपोर्टमागे पैसेही हाच प्रोग्राम वळते करतो, त्यामुळे नमुना घरून नेण्याची सोय ज्यांनी घेतली होती त्यांच्या आगाऊ जमा रकमेतून दोनदा पैसे गेले. त्यात पेन्शनवर जगणारी माणसे होती.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्याविषयी गोड बोलणे मला जमत नाही.

रक्ताचा नमुना नेताना हेलकावला, सुई घालताना जोर पडला, तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि रिपोर्टमधला आकडा खोटाच चढतो. चढलेले पोटॅशियम हृदयाला घातक असते, म्हणून डॉक्टर तातडीने औषध देतात. प्रयोगशाळेतल्या जाणत्या तंत्रज्ञाला शंका आली की ती नवा नमुना मागवते, पुन्हा तपासते आणि सुधारित निकाल पाठवते. तो सुधारित निकाल क्यूत पडला. पहिला, चुकीचा निकाल आपल्या १२ तासांच्या कोठडीत अडकून होता. सुधारित निकालाचा रिपोर्ट आधी बनला, योग्य बनला. मग पहिला मेसेज सुटून बाहेर आला आणि आपल्या प्रोग्रामने त्याचा रिपोर्ट बनवून सुधारित रिपोर्टच्या जागी ठेवून दिला.

साधी क्यू क्रम राखेलच असे वचन देत नाही. क्रम हवा असेल तर २०१६ पासून फिफो प्रकारची क्यू मिळते, तिच्यात एकेका पेशंटचा गट करून त्या गटापुरता क्रम राखता येतो. तेही नको असेल तर प्रत्येक निकालाला आवृत्तीचा आकडा द्यावा आणि जुन्या आवृत्तीने नव्या आवृत्तीवर लिहू नये, एवढी एक अट घालावी. एका अटीचे हे काम. एका तंत्रज्ञाने नमुना हातात धरून, उजेडात पाहून, जबाबदारीने जी चूक निस्तरली होती, ती आपल्या कोडने पुन्हा जिवंत करून डॉक्टरांपुढे ठेवली. याबद्दल मी आपले आभार मानत नाही. जाब विचारतो.

पुन्हा सौजन्याकडे वळतो.

ॲमेझॉन आपली सदैव आभारी राहील. क्यूत काही आहे का, हे विचारण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लगेच उत्तर मिळते, रिकामे असले तरी. दुसरीत क्यू २० सेकंदांपर्यंत तुमच्यासाठी थांबते आणि मेसेज आला की देते. या दुसरीला लाँग पोलिंग म्हणतात. आपण पहिली निवडलीत आणि मध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीत. सेकंदाला २० वेळा विचारले तर दिवसाला १७ लाख २८ हजार विनंत्या होतात, आणि रिकाम्या उत्तरालाही पैसे पडतात. महिन्याला पहिल्या १० लाख विनंत्या फुकट असतात. त्या पहिल्या दिवशीच्या दुपारीच संपतात. लाँग पोलिंगने रिकाम्या क्यूवर हेच काम दिवसाला ४,३२० विनंत्यांत झाले असते. फक्त पैशांचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. पण पहिल्या पद्धतीत क्यू स्वतःच्या सगळ्या सर्व्हरना विचारत नाही, काही निवडक सर्व्हरनाच विचारते. त्यामुळे मेसेज असूनही रिकामे उत्तर येऊ शकते. रात्रीचे काम करणारा आपला दुसरा प्रोग्राम पहिल्या रिकाम्या उत्तरावरच क्यू संपली असे समजून झोपी जातो. उरलेले निकाल सकाळपर्यंत पडून राहतात.

मराठीवरच्या आपल्या प्रेमाबद्दलही कृतज्ञता व्यक्त करतो. केंद्रावरून डॉक्टरांची चिठ्ठी स्कॅन करून चढवतात. फाइल एस-थ्री या साठवणीत जाते आणि ती आल्याचा मेसेज क्यूत येतो. त्या मेसेजमध्ये फाइलचे नाव सांकेतिक रूपात असते. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा असा लिहिला जातो. म्हणजे एका 'प'साठी नऊ चिन्हे. शब्दांमधल्या मोकळ्या जागेच्या ठिकाणी अधिकचे चिन्ह येते. रिसीव्हरने हे नाव आधी उलगडायचे आणि मग फाइल मागायची. त्याला एक ओळ लागते. आपण न उलगडताच मागितलीत, फाइल सापडली नाही, आणि आपण सर्व केंद्रांना फर्मान काढलेत की फाइलची नावे इंग्रजीतच द्यावीत. केंद्रावरच्या ज्या मुली आयुष्यभर मराठीत सुवाच्य लिहीत आल्या, त्या आपल्या एका ओळीच्या आळसापायी पेशंटची नावे इंग्रजीत वेडीवाकडी लिहू लागल्या. मग एकाच माणसाच्या नावाची तीन-तीन स्पेलिंगे झाली आणि चिठ्ठ्या भलत्याच पेशंटला जोडल्या गेल्या.

एस-थ्रीची ही जोडणी पहिल्यांदा केली की ते एक चाचणीचा मेसेजही पाठवते. त्यात फाइलचे नाव नसते. मेसेज वाचण्याची ओळ आपण चूक पकडणाऱ्या आणि 'फायनली'च्या भागाबाहेर ठेवली होती, म्हणून आपला रिसीव्हर त्या मेसेजवर कोसळला, उठला, पुन्हा तोच उचलून कोसळला.

अशा न पचणाऱ्या मेसेजसाठी डेड-लेटर क्यू असते. ठरावीक वेळा घेऊनही जो मेसेज डिलीट झाला नाही, तो आपोआप तिच्यात जातो, म्हणजे बाकीची रांग अडत नाही आणि बिघडलेला मेसेज माणसाला सवडीने पाहता येतो. आपल्या मूळ रचनेत ती नव्हती. न पचणारा मेसेज मुदत संपेल तसा पुन्हा पुन्हा वर येत राहायचा. क्यू न सांगता चार दिवस मेसेज ठेवते, सांगितले तर १४ दिवस. आपण सांगितले नाही. चार दिवसांनी तो निमूट नाहीसा व्हायचा. ज्याचा निकाल होता त्याला कळत नसे, आम्हाला कळत नसे, कुठे नोंद नसे.

नंतर आपण डेड-लेटर क्यू केलीत, आणि ती अशी केलीत की नसती तर बरे झाले असते. मेसेज किती वेळा घेतल्यावर तिकडे टाकायचा? आपण आकडा घातलात, एक. डिप्लॉयच्या वेळी प्रोग्राम एकदा मध्येच मेला तरी चांगला मेसेज थेट तिकडे. तिच्यात काही पडले तर कोणाला तरी कळावे, अशी घंटा आपण लावली नाहीत. आणि मुदत? तीही चारच दिवस. साध्या क्यूत मेसेजचे वय मूळ क्यूत पडल्या क्षणापासून मोजतात. पहिल्या क्यूत एक दिवस घालवलेला मेसेज या दुसऱ्या क्यूत तीनच दिवस जगतो. दिवाळीची सुट्टी लागून आली की सारे संपते. डेड-लेटर क्यूची मुदत कमाल १४ दिवस ठेवावी आणि एक जरी मेसेज पडला तरी फोन वाजावा, एवढी तरतूद केली असती तर कित्येक पेशंटना दुसऱ्यांदा दंडात सुई टोचून घ्यावी लागली नसती.

आपण लावलेला देखरेखीचा फलक मात्र नयनरम्य आहे. प्रोसेसर किती तापला, मेमरी किती भरली, सर्व रंगीत. ज्या आकड्याकडे पाहायला हवे तो त्यावर नाही. सर्वांत जुना मेसेज किती वेळ क्यूत पडून आहे, हे एसक्यूएस स्वतःहून सांगते. एखाद्या निकालाला अर्धा तास झाला आणि कोणी हात लावला नाही, की समजावे रिसीव्हर अडकला. अडकलेल्या रिसीव्हरचा प्रोसेसर शांतच असतो. आपला फलक त्या वेळी सगळा हिरवा दिसतो.

लॉगबद्दल एक शेवटचे. चुका गिळणाऱ्या आपल्या लॉगमध्ये मेसेज आल्याची ओळ मात्र न चुकता येते, आणि तिच्यात संपूर्ण मेसेज छापलेला असतो: पेशंटचे नाव, मोबाइल नंबर, तपासणी, निकाल. एचआयव्हीच्या तपासणीचेही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे, आणि २०२३ साली व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. कायदे नसते तरी काय? कोणा तरुणाने गावातल्या ओळखीपाळखीला चुकवून शेजारच्या तालुक्यात जाऊन रक्त दिले, आणि त्याचा निकाल आमच्या कचेरीतला कोणीही प्रशिक्षणार्थी लॉग उघडून वाचू शकत होता. मी ती ओळ काढली. नमुन्याचा क्रमांक तेवढा ठेवला, माग काढायला तो पुरतो.

आपण बुद्धिमान आहात, महाशय, याविषयी मला खरोखर शंका नाही. अवघड गणिते आपण सोडवलीत, मुलाखतींत सोडवायला लावलीत. या प्रोग्राममध्ये अवघड काहीच नव्हते. मेसेज घेतला की तो तडीला नेण्याचे ओझे आपल्या शिरावर आले, एवढे मानायचे होते. क्यूने आपल्यावर विश्वास टाकला होता. तिने मेसेज लपवून धरला, मुदत दिली, आपण पडलात तर दुसऱ्याला द्यायची तयारी ठेवली. आपण मात्र घेण्यालाच काम समजलात.

आपल्या नव्या जागी कर्जाच्या हप्त्यांचे मेसेज क्यूतून येतात असे ऐकले. आपणास हात जोडून विनंती आहे की तिथे आपली ख्याती पसरण्याआधी एकदा आपला कोड उघडून पाहावा. हप्ता भरलेल्या माणसाच्या दारात वसुलीवाला उभा राहिला, तर त्याला आपला पत्ता मिळणार नाही. अपमान तो भोगेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
आपल्या प्रोग्रामचा सध्याचा सेवक

ता. क. हे पत्र महाशय वाचतील की नाही, सांगता येत नाही. पण वाचकहो, तुमच्यापैकी जे कोणी क्यूमधून मेसेज घेणारा कोड लिहितात किंवा सांभाळतात, त्यांनी आज तो उघडावा आणि डिलीटची ओळ कुठे आहे ते पाहावे. काम पूर्ण होऊन जपून ठेवल्यानंतर ती येत नसेल, तर ती आजच हलवा. उद्यावर टाकू नका, क्यूत मेसेज आताही येत आहेत.